अम्माचा घसा

प्रिय आपा,

सलाम. आमच्या शेजारचा वासिफ उद्या सकाळी रत्नागिरीला निघतोय, हे पाकीट त्याच्याच हाती देतेय. व्हॉट्सॲप असताना ही बया कागद का काळे करतेय, असं म्हणशील. अगं, चार व्हॉइस नोट केल्या आणि चारही डिलीट केल्या. सकाळपासून एका जागी बूड टेकत नाहीये. चहा ठेवला तो उतू गेला, दुसरा केला त्यात साखरच नाही. हिबाचे पप्पा म्हणाले, तुझं लक्ष कुठाय, आणि तसाच पिऊन शारजाला गॅरेजवर गेले.

तुझ्या लायबाचं लग्न महिन्यावर आलं. अम्मा तिच्या हळदीला गाणार की नाही, याचा तुला घोर. खरंच आहे. आमच्या हिबाच्या लग्नानंतर, दोन वर्षं झाली, अम्माने गाण्याची एक ओळ तोंडातून काढली नाही. परवा फोनवर तू म्हणालीस, आता कोल्हापूरला घशाच्या मोठ्या डॉक्टरला दाखवते. मी नुसतं हं हं केलं आणि रेंज नाही म्हणून फोन ठेवला. रेंज चांगली होती गं.

शुक्रवारी हिबाने मला एका गाण्याच्या प्रोग्रामला नेलं. ऑफिसातून थेट घ्यायला आली. मी म्हटलं, मला त्यातलं काय कळणार? तर म्हणे, "मम्मा, जस्ट कम, यल्ला!" स्पेनमध्ये गॅलिशिया म्हणून समुद्रकाठचा मुलूख आहे, तिथली गाणारी बाई. हातात चौकोनी डफ, आणि मागे दोन पोरं लॅपटॉप घेऊन धाडधाड वाजवतायत. म्हटलं, झालं, इथेही तोच लग्नातल्या डीजेचा धिंगाणा! पण ती दर गाण्याआधी सांगायची, हे अमक्या गावच्या अमक्या आजीकडून शिकले. मग एकदा तिने हात वर केला आणि सगळी मशिनं थांबली. स्पीकरमधून एका म्हातारीचा आवाज आला, खरखरीत, तिच्या स्वयंपाकघरात टेप केलेला, मागे भांडी वाजतायत. म्हातारीची ओळ संपेपर्यंत ही बाई गप्प उभी. मग हळूच तिच्या सुरात सूर मिसळला. मशिनं परत आली, पण म्हातारीच्या आवाजावर चढली नाहीत. हॉलमध्ये माणसं उभी राहून टाळ्या वाजवत होती, हिबा रडत होती. मला मात्र कधी एकदा उठून पळते असं झालं होतं.

आपा, आता ऐक. हिबाच्या हळदीला अम्माने ताट वाजवत गाणं धरलं होतं, आठवतं? त्यात माझं नाव गुंफलं होतं तिने, तिची कुबरा दर्यापार गेली, असं काहीतरी. हिबाच्या सासरच्या बायका एकमेकींकडे बघून हसत होत्या. मला मेलीला लाज वाटली. मी डीजेवाल्या पोराकडे बघून हात वर केला, आवाज वाढव म्हणून. त्याने वाढवलं. अम्माचे ओठ थोडा वेळ हलत राहिले, मग तिने ताट खाली ठेवलं. तू त्या पोराला सगळ्यांसमोर शिव्या घातल्यास, तेव्हा मी तुझ्या शेजारीच उभी होते. आणि तोंडातून ब्र काढला नाही.

म्हणून लिहितेय. कोल्हापूरला नेऊ नकोस. तिच्या घशाला काही झालेलं नाही. मी हात वर केला तेव्हा ती माझ्याकडेच बघत होती. तिला सगळं ठाऊक आहे, आपा. दोन वर्षं ती एकेका डॉक्टरपुढे आ करून बसते, कडू औषधं पिते, पण तुझ्याजवळसुद्धा तिने माझं नाव घेतलं नाही. तिला वाचता येत नाही, म्हणून तूच हे तिला वाचून दाखव, एक शब्द न गाळता. तुला माझा राग येईल, तरी मध्येच थांबू नकोस. आणि लायबाच्या हळदीला मला बोलवायचं की नाही, ते अम्मालाच ठरवू दे.

तुझीच नालायक धाकटी,
कुबरा