एक्केचाळीस नंबरची पिशवी

११ जानेवारी, रविवार

चार नळ्या भरल्या. झोपण्यापूर्वीची पाचवी तेवढी राहिली. स्वतःच्या थुंकीकडे इतक्या आदराने आयुष्यात पाहिलं नव्हतं!

लाळेतून ताण मोजायचं नवं किट आलं की सहभागी लोकांच्या लाळेला हात लावण्याआधी घरच्याच कुणाची तरी लावून बघायची, ही आमच्या प्रयोगशाळेची रीत. ताई तिला 'भवानी' म्हणतात. ताई म्हणजे आमच्या तंत्रज्ञ — ट्रे, फ्रीझर, यंत्रं, सगळं त्यांच्या राज्यात. "या वेळची भवानी तुझी. नवऱ्याशी भांडून येऊ नकोस, आकडा चढतो," म्हणाल्या. मग स्वतःच, "अरे हो, तुला कुठला नवरा! भांडायला तरी हवा गं एखादा."

कोऱ्या नळ्या संपल्या होत्या. म्हणून एक्केचाळीस नंबरची पिशवी घेतली. तिचे मालक दोन दिवसांत ती न उघडताच परत देऊन गेले — "दिवसातून पाचदा थुंकायचं? आमच्या घरात एवढ्यावरून घटस्फोट होईल!" पिशवीत प्रश्नावली होती. तीही भरून टाकली, किती वेळ लागतो बघायला. बावीस मिनिटं. बाराव्या प्रश्नापाशीच पाच गेली. 'घरी गेल्यावर तुमचा दिवस कसा गेला हे कोणी विचारतं का?' क्वचित, असं लिहिलं. आई फोन करते, पण ती विचारते जेवलीस का. ते धरायचं का? नाही. एक रेघ मारून 'कधीच नाही' केलं.

स्वच्छ नमुना द्यावा म्हणून काल रात्री दात इतके घासले की हिरड्या अजून हुळहुळताहेत. मी ही अशी.

पिशवी वापरल्याची वहीत नोंद करायची. उद्या. विसरायचं नाही!

१२ जानेवारी

ट्रे ताईंकडे दिला, प्रश्नावलीसकट. वहीकडे वळणार तेवढ्यात आमच्या प्रमुख बाईंचं बोलावणं. दिवसभर त्यांच्या खोलीत.

१४ जानेवारी

ताईंना विचारलं, झाली का भवानी? "झाली झाली. एक दिवस उशिरा झाली, पण किट ठणठणीत आहे." मग त्यांचं नेहमीचं सुरू — "आमचं ध्यान आज रुसलंय. भाजीत मीठ नव्हतं म्हणे. म्हटलं, जिभेला नाही तर डोळ्याला तर येतंय ना पाणी, तेच घाल!" सगळे हसले. ताईंभोवती कायम चार माणसं असतात. मी मायक्रोवेव्हसमोर उभी राहून माझ्या डब्याकडे बघत बसते — जणू तो स्वतःहून गरम होत नाही.

२५ जानेवारी, रविवार

दोन शब्द बोलले आज. दुकानदाराला 'सुटे आहेत'.

लहानपणी हे कळलंच नाही कधी. दहा वर्षांची होईपर्यंत माझी शाळा म्हणजे जेवणाचं टेबल आणि मास्तर म्हणजे बाबा. पटावर मी एकटी. तरी बाबा रोज हजेरी घ्यायचे! चष्म्यावरून सगळ्या खोलीभर नजर फिरवायचे, माझं पूर्ण नाव घ्यायचे, आणि मी खुर्चीवर उभी राहून ओरडायचे — हजर! खोडरबर मात्र बंद. चुकलं तर एक सरळ रेघ, वर तारीख. "चूक दिसली पाहिजे. झाकली की ती चूक राहत नाही, लबाडी होते."

पुढे खऱ्या शाळेत गेले. चाळीस मुली. हजेरीला मी इतक्या जोरात ओरडले की वर्षभर माझं नाव 'हजर' पडलं. तेव्हापासून हळूच बोलते.

१२ फेब्रुवारी

सावकाश लिहिते.

साठ लोकांचे आकडे आणि प्रश्नावल्या संगणकाने नंबरावरून जुळवल्या. बाईंनी आलेख पडद्यावर लावून मला बोलावलं. आडव्या रेषेवर एकटेपणाचे गुण, उभ्या रेषेवर कॉर्टिसॉलचा उतार किती सपाट ते. निरोगी माणसाचा हा ताणाचा हार्मोन सकाळी डोंगरासारखा वर असतो आणि रात्रीपर्यंत उतरून येतो. बाईंचं म्हणणं वीस वर्षांपासून हेच, की फार दिवस एकट्या राहिलेल्या माणसाचा डोंगरच सपाट होतो. सगळे ठिपके खाली घोळका करून बसलेले. वर कोपऱ्यात एकच, लांब. त्याच्या ओढीने सगळी रेघ वर गेलेली.

बाईंनी त्या ठिपक्यावर बोट ठेवलं. "वीस वर्षं मी या माणसाला शोधतेय. नंबर काय?"

वाचायची गरजच नव्हती. एक्केचाळीस.

बाईंनी त्याच्या पाच नळ्यांचा आलेख उघडला. सपाट. सकाळ नाही, रात्र नाही. टेबलावर ठेवलेल्या दोऱ्यासारखी रेघ.

मी म्हणाले, "छान आलाय." छान!! देवा.

१३ फेब्रुवारी

नाही सांगितलं.

१६ फेब्रुवारी

बाई चाळिशीपर्यंत सामाजिक मानसशास्त्रात होत्या. लोक एकमेकांच्या किती जवळ बसतात, कोण कोणाला टाळतं — असलं मोजायच्या. मग एकदम पहिल्या वर्षाच्या मुलांच्या बाकावर जाऊन बसल्या, हार्मोन शिकायला. "मनवाले मला थुंकीवाली म्हणतात, थुंकीवाले गप्पावाली. जेवणाच्या सुट्टीत दोन्हीकडचे मला बघून ताटं उचलतात," हसत सांगतात. मार्चमध्ये दोन्हीकडचे एका सभागृहात त्यांना ऐकायला येणार आहेत. पहिल्यांदाच. आणि त्यांच्या हातात आहे ती माझी रेघ.

एक्केचाळीस वगळून गणित करून पाहिलं. काही उरत नाही. अगदी थोडा कल, योगायोगानेही येईल इतकाच.

सांगायला हवं, हे पहिल्या क्षणापासून माहीत आहे. पण सांगायचं म्हणजे काय? नोंद राहिली, एवढंच नाही. सांगायचं म्हणजे — तो कोपऱ्यातला ठिपका मी आहे. बाराव्या प्रश्नाला 'कधीच नाही' लिहिणारी मी.

२२ फेब्रुवारी, रविवार

घरी फोन. आई: "जेवलीस का?" हो. "काय?" भात. "नुसता?" नुसता नाही गं. (नुसताच.)

बाबा फोनवर आले. ते फोनवर नेहमी पत्र वाचून दाखवल्यासारखं बोलतात. विचारलं, बाबा, चुकीची नोंद दुसऱ्याच्या कामाची असेल तर? म्हणाले, "रेघ त्याच्या वहीत मारायची नाही. वही नेऊन त्याच्यासमोर ठेवायची." मग, "बरी आहेस ना?" मी हो म्हणाले. बाबांशी खोटं बोलल्याची ही दुसरी वेळ. पहिल्या वेळी सात वर्षांची होते.

२ मार्च

आजही नाही. बाईंच्या दारापर्यंत गेले, पेन मागून परत आले. माझ्याकडे आता त्यांची चार पेनं आहेत.

५ मार्च, गुरुवार

झालं.

भाषणाची तालीम होती. विभागातले आठ-नऊ जण, मागच्या रांगेत ताई चहाचा कप घेऊन. बाई इतक्या सुंदर बोलत होत्या! मग पडद्यावर ती रेघ आली. बाईंनी आवाज खाली घेतला. "या माणसाची सकाळ आणि रात्र सारखीच आहे. रात्री काही संपत नाही, सकाळी काही सुरू होत नाही. हा माणूस कामावर जात असेल. तुमच्याआमच्याशी बोलतही असेल. शेजारच्या टेबलावर असेल. आपल्याला कळणार नाही."

मी उभी राहिले. का उभी राहिले माहीत नाही, बसूनही सांगता आलं असतं. "बाई, तो माणूस मी आहे."

शाळेतल्यासारखाच आवाज निघाला. नको तेवढा मोठा.

सगळं सांगितलं. रिकामी पिशवी, भवानी, प्रश्नावली, राहून गेलेली नोंद, आणि हेही की मला तीन आठवड्यांपासून माहीत होतं. मागे ताईंनी कप खाली ठेवला, त्याचा आवाज आला.

बाई म्हणाल्या, "सगळे बाहेर जा. तू थांब."

वाटलं, आता काढून टाकतील. त्यांनी पडद्यावरची ती रेघ बंद केली. मग चिडल्या, अगदी मनापासून — "नोंद का नाही केलीस? दोन ओळी! आणि तीन आठवडे? वीस दिवस माझ्या खोलीत येऊन पेनं मागत होतीस!" मी रडले. त्यांनी रुमाल दिला नाही, पण खिडकी उघडली. शेवटी म्हणाल्या, "वही आण." एक्केचाळीस नंबरवर मी रेघ मारली, तारीख घातली. बाईंनी खाली सही केली. "भाषणात खरं ते सांगेन. वीस वर्षांत एकदा वाटलं सापडलं, ते नव्हतं. तेही संशोधनच आहे." दिवा बंद करताना पुन्हा म्हणाल्या, "शेजारच्याच टेबलावर गं." त्या कुणाशी बोलत होत्या कळलं नाही.

१० मार्च

आता सगळे माझ्याशी हळू बोलतात. आजाऱ्याच्या खोलीत बोलतात तसं. एकीने स्वतःच्या डब्यातलं अर्धं माझ्या झाकणात वाढलं आणि पळून गेली — जणू संसर्ग होईल! राग येतो. मग संध्याकाळी वाटतं, उद्या वाढेल का?

लाज वाटते आहेच. पण लपवण्यासारखं काही राहिलं नाही, ते हलकं वाटतं. इतकी वर्षं मला वाटायचं, मीच उगाच बाऊ करते. आता मोजलं गेलंय. आकडा आहे. निदान हजेरी तरी लागली.

ताई मात्र माझ्याकडे बघत नाहीत. ध्यानाचे विनोदही बंद. त्यांच्या रीतीला माझ्यामुळे बट्टा लागला म्हणून असेल.

१७ मार्च

बाईंचं भाषण झालं. दोन्हीकडचे आले होते. पडद्यावर साठाऐवजी एकोणसाठ ठिपके, आणि बाई स्वच्छ म्हणाल्या, "मला वाटलं होतं ते सिद्ध झालेलं नाही." कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत, पण कुणी उठूनही गेलं नाही. प्रश्न चालले तासभर! शेवटी बाई दोन्ही गटांच्या मधे उभ्या राहून कागदी कपातून चहा पीत होत्या. ताट कुणी उचललं नाही.

२० मार्च, शुक्रवार

पाच वाजता ताईंनी मला फ्रीझरच्या खोलीत बोलावलं. उभ्या-उभ्याच म्हणाल्या, "तुझ्या नळ्या मी फेकल्या होत्या गं. यंत्रात फिरवल्यावर पाचही नळ्यांच्या तळाशी लाल दिसलं. हिरड्यांचं रक्त. तसला आकडा खोटा येतो. तू बाईंकडे अडकलेली. म्हटलं भवानीच आहे, कुणाची का असेना. दुसऱ्या दिवशी माझीच लाळ घेतली, पाचही वेळची, तुझ्याच नंबरवर लावली. बाईंना सकाळीच सांगून आले. वहीत नोंदही केली."

म्हणजे ती सपाट रेघ ताईंची. माझी रेघ कशी असती, ते आता कुणालाच माहीत नाही.

"मग... ध्यान?" मी विचारलं.

"ते गेलं. आठ वर्षं झाली. विनोद तेवढे उरलेत, पुरवून पुरवून वापरते."

फ्रीझर घुमत होता. दोन वर्षं यांच्या शेजारी बसून मी साठ अनोळखी लोकांना बारावा प्रश्न विचारला. तो आज ताईंना विचारला. कागद न घेता — "आजचा दिवस कसा गेला, ताई?"

प्रयोगशाळा साडेपाचला बंद होते. आम्ही सव्वासातला कुलूप लावलं.