मुंग्यांचा उकिरडा आणि तुमच्या आईचं लिंबू

ग्वाने, मंगळवार, १३ मे

आदरणीय मद्रिना ओतिलिया,

बाप्तिस्म्याच्या दिवशी जिला तुम्ही हातांवर धरलंत, त्या लुसदारीचा नमस्कार. गुडघा कसा आहे? पायऱ्या चढताना अजून कुरकुरतो का? आई विचारते की तिने पाठवलेलं मलम चोळता की नुसतं फडताळात ठेवलंत. (फडताळात असेल तरी मी तिला सांगणार नाही; पण तिने थेट विचारलं तर मला खोटं बोलता येत नाही, एवढं लक्षात असू द्या.)

आधी एक चूक सुधारते, तिच्यापायी मला जेवण गोड लागत नाही. मागच्या पत्रात मी लिहिलं होतं की आमच्या कुंपणालगतच्या मुंग्या पानं खातात. खात नाहीत! त्या पानं कापतात, छत्रीसारखी डोक्यावर धरून घरी नेतात, चावून लगदा करतात आणि त्यावर बुरशी पिकवतात. त्यांचं पोट भरतं ते त्या बुरशीवर. (थोडा पानांचा रसही पितात, असं आमच्या शाळेतल्या बाई म्हणतात. आत्ताच लिहून टाकते, नाहीतर पुढच्या पत्रात पुन्हा दुरुस्ती.) राणी माहेर सोडून उडते तेव्हा त्याच बुरशीचा कण तोंडात घेऊन जाते, आपण विरजण नेतो तसा. म्हणजे त्या चोर नव्हेत, शेतकरी आहेत. सोकोर्रोच्या बाजारात तुम्ही माझी चुकीची माहिती कुणाला दिली असेल, तर कृपा करून त्या माणसाला गाठा.

आता खरी बातमी. मद्रिना, आपण जिंकलो! तुमचे धाकटे बंधू आणि आमचे शेजारी डॉन बेलार्मिनो यांनी वारुळात ओतायला आणलेलं विष दुकानात परत केलं.

त्यांचा राग मी समजू शकते. तुमच्या आईने लावलेलं ते लिंबाचं झाड मुंग्यांनी असं साफ केलं की नुसत्या काट्या उरल्या. झाडाखाली उभे राहून ते मुंग्यांना म्हणत होते, "अहो बायांनो, लाज नाही वाटत? माझ्या आईचं झाड आहे हे!" मग त्यांनी सगळ्यांसमोर शपथ घेतली की वारूळ मारल्याशिवाय राहणार नाही. आईचा चेहरा उतरला. दरवर्षी त्या वारुळातून थोराड बुडाच्या राण्या बाहेर पडतात, आई त्या पकडते, मिठात भाजते आणि विकते. माझे शाळेचे बूट त्यातून आले, गणवेश त्यातून आला, आणि सान हिलच्या शेतकी शाळेचं शेवटचं वर्षही त्यातूनच यायचं आहे. आमच्या घराण्यात सही करणारी मी पहिली, आणि ती सही मुंग्यांच्या बुडावर टेकली आहे. वारूळ गेलं असतं तर शाळाही गेली असती.

शाळेत आम्हाला शिकवलं होतं की या मुंग्या आपल्याच घाणीला फार भितात. बुरशीचा कुजका चोथा आणि मेलेल्या बहिणी त्या वेगळ्या खोलीत टाकतात, आणि तिथे राबणाऱ्या मुंगीला पुन्हा शेतात पाऊल ठेवू देत नाहीत. तो कचरा झाडाभोवती पसरला तर त्या झाडाकडे फिरकत नाहीत. म्हणून मी कुदळ घेऊन वारुळाची कड खणायला लागले. मोठ्या डोक्याच्या शिपाई मुंग्यांनी माझ्या बुटाची नाडी कापली, मोजा कापला आणि मग मोज्यातलं जे होतं तेही. आई धावत आली. "शिकलेल्या बाई, एवढी वर्षं शाळेत घातलं ते तुम्हाला उकिरडे उकरायला का?" मी म्हटलं, "हो आई, हेच." तिने कपाळाला हात लावला, पण घमेलं धरलं.

कचरा ओला होता, म्हणून वाळायला भोपळ्याच्या तुंब्यात घालून चुलीजवळ ठेवला. दुपारपर्यंत तो वाळून भुगा झाला, आणि तेवढ्यात डॉन बेलार्मिनो शेवटची ताकीद द्यायला आले. आईने त्यांना स्वयंपाकघरात बसवलं आणि ती मला बोलवायला मागे आली. मी पाठ केलेलं भाषण म्हणतच आत शिरले. बुरशीपर्यंत पोचले नव्हते तोच ते मिशी पुसत म्हणाले, "बरं बरं, करा तुमचा प्रयोग." माझ्या बोलण्याचा हा प्रभाव पाहून मी स्वतःच थक्क झाले.

झाडाभोवती कडं घातलं त्या दिवशी अर्धं ग्वाने गाव भिंतीवर चढून बसलं होतं. मुंग्यांची रांग आली. पहिलीने मिशा हलवल्या, थबकली, वळली. मग दुसरी, मग सगळी रांगच माघारी! टाळ्या पडल्या. आई भिंतीवर चढलेल्यांना सांगत सुटली, "माझी मुलगी आहे ती, माझी!" फक्त डॉन बेलार्मिनो रुसले. "अहो, परत कुठे निघालात? आमचं लिंबू आता कडू झालं का?" आज त्या झाडाला पोपटी पालवी आहे. विष गेलं, वारूळ राहिलं, माझं वर्ष राहिलं. त्यांची अट एकच, दर हंगामात त्यांचा वाटा त्यांना पोचावा. आईने आनंदाने शब्द दिला.

गुडघ्याला जपा.

तुमची आज्ञाधारक
लुसदारी

ता. क. त्यांना वाटा हवा आहे तो अख्ख्या भाजलेल्या मुंग्यांचा नाही. "त्या दिवशी चुलीजवळ होती, ती कुटलेली पूड," असं ते आईला म्हणाले. "तुम्ही मागे गेलात तेव्हा तीन चिमटी खाल्ली. मीठ जरा कमी होतं, पण मुंगी अस्सल!" म्हणजे माझ्या भाषणाचा प्रभाव वगैरे वर जे लिहिलं आहे ते खोडलेलं समजावं. त्या संध्याकाळी त्यांचं पोट बिघडलं. दोष त्यांनी आपल्या बायकोच्या, ग्रिसेल्दावहिनींच्या, मक्याच्या 'मुते' सुपाला दिला, आणि तेव्हापासून वहिनींनी ते सूप रांधलेलं नाही. मला वहिनींकडे बघवत नाही.

ता. क. २. कड्याचा गुण महिनाभरच टिकतो. आता ते पुन्हा घालायला हवं, आणि तेही डॉन बेलार्मिनोंच्या डोळ्यांदेखत, त्याच तुंब्यातून. म्हणून त्यांनी त्या दिवशी काय खाल्लं ते सांगावंच लागणार. मद्रिना, ते जगात फक्त तुम्हाला भितात. पत्र लिहिण्याचं खरं कारण हे, की कृपा करून या आणि आमच्या दोघांच्या मध्ये बसा. राण्या भाजून, कुटून, मीठ बरोबर घालून एक बरणी तयार ठेवली आहे. सांगून झालं की लगेच ती पुढे करीन. ते आपला वाटा न्यायला चर्चमधली मिस्सा सुटल्यावर चमचा घेऊन येणार आहेत. चमचा तुंब्यात बुडायच्या आत मी सांगणार: रविवारी, १८ मे रोजी.