पोट माझं नाही, गोळीचं आहे

७ जुलै
आजपासून फिटनेस. गणेशोत्सवात आपल्या मराठी मंडळाचं नाटक आहे. राजपुत्राचा रोल रिकामा. आमच्या टाउनशिपच्या सेक्टर २ मध्ये त्याला शोभेल असा मीच. वय बावन्न, पण गाल आत गेलेत, त्यामुळे फीचर्स शार्प. हातपाय बारीक, म्हणजे ॲथलीटच. फक्त पोट पुढे. ते माझं नाही, एचआयव्हीच्या गोळीचं आहे. वीस वर्षं घेतोय. मंडळात कुणाला माहीत नाही.
बायको रेणूही तीच गोळी घेते. तिला पोट नाही. म्हणजे तिच्या वाट्याचंही माझ्याकडे आलं. नवरा म्हणून मी तक्रार करत नाही.

९ जुलै
एआरटी सेंटर, जिथून एचआयव्हीची गोळी मिळते. डॉक्टर मॅडम म्हणाल्या, "वायरस दबा हुआ है, शाबास. लेकिन शुगर, कोलेस्टेरॉल दोनों बढ़े हैं. कुछ दवा का असर है, कुछ खाने का."
शेवटचे शब्द नीट ऐकू आले नाहीत. पंखा फार आवाज करतो.
शुगरची गोळी सुरू. रोज चालायचं.

१० जुलै, सकाळ
चाललो. माझ्याबरोबर प्लांटमध्ये काम करणारा रूपेश भेटला. उपाशीपोटी चाललं की चक्कर येते म्हणाला. पोहा-जलेबी खाल्ली. आली नाही.

१३ जुलै
आयडिया! नाटक होईपर्यंत मोठी गोळी, एचआयव्हीची, बंद. गोळी नाही तर पोट नाही. सरळ सायन्स.

१३ जुलै, संध्याकाळ
रेणूनं मला गोळी खिडकीबाहेर टाकताना पाहिलं. दुसरी आणून समोर उभी. म्हणाली, "पोटासाठी जीव देता का जी? मी बी तेच गोळी खाऊन राहिली. मले एकटीले सोडून कुठं चालले तुमी?"
ग्लास थेट माझ्या तोंडाला लावला. अर्धं पाणी माझ्या बनियनवर.
गोळी घेतली. निर्णय माझाच.

२० जुलै
ऑडिशन. कुर्त्याच्या आत रेणूची जुनी साडी आवळून बांधली. पोट गायब, श्वासही गायब. संवाद म्हणता म्हणता वाकून मुजरा केला आणि गाठ सुटली. पदर कुर्त्याखालून निघाला, मी चालत गेलो, साडी मागे येत गेली. लोक टाळ्या वाजवत होते. अशी दाद मंडळात कुणाला मिळाली नसेल.
दिग्दर्शिका कमलिनीताई डोळे पुसत म्हणाल्या, "तुमाले रोल देतोच, भाऊ!"
पक्कं.

२२ जुलै
राजपुत्र कौस्तुभ झाला. बी.ई.ला आहे, तेवीस वर्षांचा. अनुभव शून्य.
मला गणपती. शेवटच्या प्रवेशात येऊन बसायचं. संवाद नाही, सोंड आहे. कमलिनीताई म्हणाल्या, "पोटाले उशी बांधायची गरजच नाही!"
रेणूला सांगितलं. हसता हसता तिला ठसका लागला. किती दिवसांनी हसली. म्हणून रोल स्वीकारला.

१० ऑगस्ट
पहिली तालीम. रोल मी समजत होतो त्यापेक्षा मोठा निघाला. समोर मोदकांचं ताट, आणि पडदा पडेपर्यंत एक हात त्यावर. डॉक्टरांनाही कलेपुढे काही म्हणता येणार नाही.
अंधार होताच एक उचलला.
थर्माकोल. रेणूनंच सांगून करून घेतलेत.