आधी माझे क्लोजअप

२ जानेवारी
यंदा संकल्प एकच. मुलाखतीत कमी बोलायचं. तसा मी कमीच बोलतो, पण हल्लीचे नट इतके रिकामे निघतात की काहीतरी ओतावंच लागतं. बँकेतली नोकरी सोडून ‘ऐकतोय मी’ हे चॅनेल काढलं ते सिनेमावर खोल बोलण्यासाठी. खोल कुणालाच जायचं नाही. सगळे काठावर बसून पाय हलवणारे.

५ जानेवारी
नव्या हीरोची मुलाखत, हॉटेलच्या खोलीत. बाहेर पत्रकारांची रांग, प्रत्येकाला दहा मिनिटं. दारात प्रसिद्धीवाली बाई घड्याळ घेऊन उभी, जणू आम्ही पेपरला बसलोय. मी पडद्यावरच्या शांततेबद्दल प्रश्न विचारला. प्रश्न जरा लांबला, कारण शांतता हा विषयच मोठा आहे. प्रश्न संपला तेव्हा बाई म्हणाली, वेळ झाली. हीरो म्हणाला, थँक्यू सर, खूप शिकायला मिळालं. दार बंद होताना ऐकू आलं, तो बाईला विचारत होता की हे कोण होते. म्हणजे माझ्याबद्दल जाणून घ्यायची इच्छा झाली. चला, एका तरी नटात जिज्ञासा शिल्लक आहे.

९ जानेवारी
व्हिडिओखाली एकच कॉमेंट. ‘पाहुण्याला बोलू द्या.’ कुणातरी जळकुट्या स्पर्धकाचं काम. बायको म्हणाली, तिच्या भावाचं आहे. हा मेहुणा माझा कॅमेरामन! एरवी लग्नांचं शूटिंग करतो. घर फिरलं की घराचे वासेही फिरतात, तसं. मी त्याला काही बोललो नाही. कॅमेरा त्याचा आहे.

१६ जानेवारी
आज नशीब उघडलं. दिग्दर्शकाच्या मुलीचा फोन!

हा म्हातारा म्हणजे साधी असामी नव्हे. चार सिनेमे केले, चारही लोकांच्या तोंडी. पाचवा जवळजवळ पुरा झाला असताना एके दिवशी सेटवरून उठून गेला तो पुन्हा फिरकलाच नाही. का, ते कुणालाच माहीत नाही. मोठमोठे पत्रकार दारातून परत आले. मी मात्र वर्षभर पत्रं पाठवत राहिलो. चिकाटी म्हणतात ती हीच. (बायको याला वेगळा शब्द वापरते.)

मुलगी म्हणाली, बाबा तयार झालेत. हळू बोलतात, शब्द जुळवायला वेळ लागतो, तेवढं मध्ये तोडू नका. मग घुटमळत म्हणाली, त्या पाचव्या सिनेमाची हिरोइन माझी आई होती. त्या दिवशी काय झालं ते आईने मला मरताना सुद्धा सांगितलं नाही. बाबाही सांगत नाहीत. परवा म्हणाले, तुझ्या तोंडावर नाही जमणार, कॅमेऱ्यासमोर सांगेन, मग तू बघ. माझ्यासाठी एवढं करा.

करतो म्हणालो. तिच्या घरगुती भानगडीत मला रस नाही, पण या मुलाखतीवर पुस्तक होऊ शकतं. मुखपृष्ठावर दोघांचे चेहरे. माझा थोडा पुढे.

२० जानेवारी
म्हाताऱ्याच्या घरी पहिली बैठक. झकास.

कॅमेरा एकच. अशा वेळी सगळे काय करतात, तर कॅमेरा पाहुण्यावर लावतात आणि पाहुणा गेल्यावर मुलाखत घेणारा रिकाम्या खुर्चीकडे बघून प्रश्न पुन्हा विचारतो, माना डोलावतो. मग ते तुकडे मध्ये मध्ये चिकटवायचे. मला ही पद्धत कायम अपमानास्पद वाटत आली आहे. खुर्चीकडे बघून खरी मान डोलत नाही. शिवाय तोवर मेकअप उतरतो. म्हणून आज मी उलटा क्रम लावला. आधी माझे क्लोजअप, म्हाताऱ्याचे पुढच्या बैठकीत. तेच तेव्हा पुन्हा सांगेल. दिग्दर्शक आहे, रीटेक त्याला काय नवे?

मेहुणा म्हणाला, दाजी, उलटं करताय. मी म्हणालो, पाहुणा काय पळून जातोय? त्याने खांदे उडवले आणि कॅमेरा माझ्याकडे वळवला. आवाज दोघांचाही येतो, म्हणजे काम चोख.

मुलगी पाणी ठेवून बाहेर गेली आणि दार ओढून घेतलं. म्हातारा पहिल्यांदा ‘हं’ आणि ‘असेल’ यापलीकडे जाईना. मग वातावरणनिर्मितीसाठी मी माझी पटकथा ऐकवली. मग आपणहून बोलायला लागला. म्हणाला, त्या दिवशी शॉट लावला होता. ती आली, समोरच्या आरशात बघून सगळा मेकअप पुसला, आणि मला म्हणाली…

आणि थांबला. किती वेळ थांबावं माणसाने? प्रेक्षक अशा जागी व्हिडिओ बंद करतो. मी प्रसंगावधान राखून म्हणालो, थांबा, मी सांगतो! आणि कलावंताच्या एकटेपणाबद्दलचा माझा सिद्धांत मांडला. अगदी ओघात आला. म्हातारा ऐकत राहिला. शेवटी म्हणाला, ‘हं. असेल.’ म्हणजे सिद्धांत मान्य.

मग दमलो म्हणाला. बाहेर मुलीने विचारलं, बोलले का? मी म्हणालो, भरभरून.

२१ जानेवारी
फुटेज पाहिलं. माझ्या माना अप्रतिम. विशेषतः तो मेकअपचा भाग सांगत होता तेव्हाची मान. डोळ्यांत करुणा आहे. चौकटीच्या कडेला म्हाताऱ्याचा खांदा आणि एक कान येतो, तो कापता येईल.

२६ जानेवारी
उद्याची दुसरी बैठक पुढे ढकलली. नाकावर फोड आलाय. मेहुणा म्हणतो, आता कॅमेरा त्यांच्यावर असणार ना, तुमचं नाक कोण बघतंय? याला कलेतलं ओ की ठो कळत नाही. मुलाखतकाराचा आत्मविश्वास पाहुण्याच्या चेहऱ्यावर उमटतो.

३० जानेवारी
मुलीचा पुन्हा फोन. बाबा विचारतायत तुम्ही कधी येणार. त्या दिवशी राहिलं ते पुरं करायचंय म्हणाले. मी सांगितलं, कलेला घाई चालत नाही. फोड आता बसत आलाय.

४ फेब्रुवारी
म्हाताऱ्याला झटका आला. जीव वाचला, वाचा गेली. डॉक्टर म्हणाले, परत येईल असं धरून चालू नका.

मी मुलीला फोनवर धीर दिला. मग सुचवलं, मान हलवता येत असेल तर मी प्रश्न असे विचारेन की हो-नाही पुरेल. तिने फोन ठेवला. दुःखात माणसं तुटक वागतात, मनाला लावून घ्यायचं नसतं.

७ फेब्रुवारी
बातमी फुटली. पेपरच्या पुरवणीच्या संपादकाचा फोन, ज्याने माझे सगळे लेख परत पाठवले तोच! त्यांचे शेवटचे शब्द तुमच्याकडे आहेत म्हणे? आहेत म्हणालो. पानभर जागा देतो, फक्त त्यांचे शब्द द्या, तुमचे नकोत. असली अट फक्त अडाणी संपादकच घालू शकतो.

दुपारी उतरवून काढायला बसलो. त्यांचे शब्द एका पोस्टकार्डावर मावले. ‘हं’ धरून.

संपादकाला कळवलं की मी तडजोड करत नाही.

१२ फेब्रुवारी
मुलगी घरी आली. न सांगता. म्हणाली, रेकॉर्डिंग बघायचंय. बायकोने तिला बसवलं, चहा टाकला. मेहुण्याने लावून दिलं आणि खिडकीपाशी जाऊन उभा राहिला.

ती सगळं बघत बसली. माझी पटकथा सुद्धा. एकदाही हसली नाही, आणि त्यात विनोदी जागा आहेत. मग ती जागा आली. मेकअप पुसला, आणि मला म्हणाली… थांबा, मी सांगतो! तिने मागे घ्यायला सांगितलं. पुन्हा लावलं. पुन्हा मागे. स्वयंपाकघरात चहा उतू गेला, बायको उठली नाही.

शेवटी तिने चित्र थांबवायला सांगितलं. पडद्यावर मी, मान अर्धी झुकलेली. मी समजावायला लागलो की माझा सिद्धांत बहुधा बरोबरच होता, कारण ते स्वतः म्हणाले, असेल. ती म्हणाली, ते राहू द्या. तुम्ही मला एवढंच सांगा, तेव्हा बाबांचा चेहरा कसा होता? कॅमेरा तुमच्यावर होता हे कळलं मला. पण समोर तर तुम्हीच होतात ना? रडत होते का? की रागात होते? नुसता चेहरा सांगा, मी त्यावरून ओळखेन. तेवढं मला येतं.

सगळे माझ्याकडे बघत होते. मी आठवायला लागलो. खरंच आठवायला लागलो. खांदा आठवला, कान आठवला, तेही आत्ताच पडद्यावर पाहिले म्हणून.

ती पडद्याकडे बोट दाखवून म्हणाली, बघा ना, तुम्ही त्यांच्याकडेच बघताय. मान डोलावताय. काहीतरी दिसलं असेलच.

मी त्या वेळी उजेड डाव्या गालावर नीट येतोय का, याचा विचार करत होतो. हे तिला सांगितलं नाही. रडत होते, म्हणालो. ती म्हणाली, बाबा रडताना मान खाली घालतात की वर करतात?

मी खाली म्हणालो. वर करतात, ती म्हणाली आणि पर्स उचलून निघून गेली.