मुऱ्हाळी

गोडादरा, सुरत
२४ एप्रिल २०२४

ती. सौ. ताईस,
योगराजचा शि. सा. न. वि. वि.

तुझ्या हुकमाप्रमाणे फोन न करता पत्र लिहितो आहे. तुमच्याकडे फोन ओट्यावर स्पीकरवर ठेवतात आणि अर्धी गल्ली मध्ये बोलते, त्यामुळे मनातलं काही सांगता येत नाही, हे तुझं म्हणणं पटलं. पण पोस्टात आंतर्देशीय पत्र मागितलं, तेव्हा खिडकीतल्या बाईंनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. एवढा तरुण मुलगा आणि हे काय खूळ, असं त्यांच्या तोंडावर लिहिलेलं होतं.

इकडची बातमी फारशी चांगली नाही. आबांचा गुडघा पुन्हा सुजला आहे. बारा बारा तास मागांमध्ये उभं राहायचं, दुसरं काय होणार? डॉक्टरांनी प्रवास बंद सांगितला आहे. त्यामुळे यंदा आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, मुऱ्हाळी म्हणून तुला घ्यायला आबा येऊ शकत नाहीत. खरं तर मी यायला हवं. पण सकाळी एम.एस्सी.चं कॉलेज, दुपारी तीनपासून पांडेसऱ्याच्या मिलमधली लॅब. आमचे मोठे केमिस्ट रजेवर आहेत आणि कापडाच्या रंगाची शेड जुळवायला माझ्याशिवाय कोणी नाही. मला रजा मिळत नाही.

म्हणून एक तोड काढली आहे. नऊ तारखेचं अमळनेर ते सुरत तिकीट काढून विकासभाऊजींच्या मोबाइलवर पाठवलं आहे. बारा नंबरची जागा, खिडकीची. तू फक्त बसायचं. स्टेशनवर मी उभा असेन. माय खापरावरची पुरणपोळी करणार आहे, त्यासाठी खापर आत्तापासून घासून ठेवलंय.

तुझ्या सासूबाईंना, मंगलामावशींना, नमस्कार सांग. लोभ आहेच, आखाजीला तो समोरासमोर घेऊ.

तुझा,
योगराज

---

१३ मे २०२४

चि. योगराज यास,
ताईचे अनेक आशीर्वाद.

तुझी बारा नंबरची जागा सुरतेला पोचली का? खिडकीची हवा खात एकटीच गेली असेल बिचारी. मी काही तिच्यासोबत येऊ शकले नाही. यांनी मोबाइलवरचं तिकीट सासूबाईंना दाखवलं. त्यांनी चष्मा लावून पाहिलं आणि विचारलं, की यातून मुऱ्हाळी बाहेर कधी येतो? मग म्हणाल्या, की आखाजीला सून आपल्या पायांनी माहेरी गेली, तर गाव म्हणेल हिच्यामागे कोणी उरलं नाही. तिकिटाला कोणी पाट मांडत नाही, त्याचे पाय कोणी धूत नाही.

त्यांचंही चुकलं असं मी म्हणणार नाही. तू सुरतेत वाढलास, तिथं सगळ्याला 'चालशे' म्हणतात. इथं आखाजीच्या आदल्या दिवशी प्रत्येक सासुरवाशीण दाराकडे कान लावून बसते. माझी नणंद गायत्री आली, तिला तिचे भाऊ, म्हणजे तुझे भाऊजीच आणायला गेले होते. शेजारच्या तिघी गेल्या. निंबाला झोके बांधलेत, मीही दोन घेतले. रस होता, सांजोऱ्या होत्या, काही कमी नव्हतं.

मला काही वाटलं नाही. तू मनाला लावून घेऊ नकोस आणि अभ्यासाचं कळव. सकाळचा डबा नेतोस का? मायला सांग, खापर उतरवून ठेव म्हणावं. आबांना दंडवत.

आशीर्वाद आहेत, ते खिडकीविना पाठवते.

तुझी,
धनश्रीताई

---

गोडादरा, सुरत
२६ मे २०२४

ती. सौ. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र मायला वाचून दाखवलं. ती चुलीपाशी उठून गेली. आखाजीला तिनं केलेली पहिली पोळी तुझ्या नावानं झाकून ठेवली होती, ती दुसऱ्या दिवशी गाईला घातली, हे मला सरलाबाईंनी सांगितलं. शेजारच्या त्या हिंचकोवाल्या, सदा झोपाळ्यावर बसलेल्या. आबा चार दिवस माझ्याशी बोलले नाहीत. मग एकच बोलले, की बहिणीला पार्सल समजलास का?

ताई, तुला काही वाटलं नाही हे खोटं आहे. आणि मला रजा मिळाली नाही, हेही खोटं होतं. मोठे केमिस्ट रजेवर नव्हतेच. चेतन, माझा लॅबमधला मित्र, दोन दिवस माझी पाळी करायला तयार होता. मीच आलो नाही.

पहिल्या सेमिस्टरला मी फिजिकल केमिस्ट्रीत नापास झालो आहे. घरी कोणाला सांगितलेलं नाही. वर्गातल्या बाकीच्यांना घरी विचारायला काका आहे, मावशी आहे. मला काय विचारायचं तेच कळत नाही, आणि ज्यांना विचारायचं ते मागावर उभे असतात. पाळी संपवून घरी आलो की बोटांना निळा रंग असतो आणि पुस्तक उघडलं की डोळे मिटतात. कधी आबांना दवाखान्यात न्यायचं, कधी गल्लीतल्या कोणाचा तरी फॉर्म भरायचा. नाही म्हणवत नाही.

तू घरात पहिली बी.एस्सी.ला गेलीस आणि पहिल्याच वर्षी सोडलंस, कारण दोघांच्या फीचं जमत नव्हतं. घरी बसून साड्यांना टिकल्या लावल्यास. माझ्या जर्नलमधल्या आकृत्यासुद्धा तूच काढायचीस. तुमच्या गावापासून अमळनेरपर्यंतच्या वाटेत तू मला पहिलं काय विचारशील, ते मला माहीत होतं. ते तोंड घेऊन यायची हिंमत झाली नाही, म्हणून तिकीट पाठवलं.

पुढच्या आखाजीला मी येतो. हा शब्द समज.

लोभ कमी झाला असेल, तर तो माझ्या चुकीमुळे. पुन्हा वाढवावा.

तुझा अपराधी,
योगराज

---

११ जून २०२४

चि. योगराज यास,
आशीर्वाद.

अपराधीबिपराधी लिहून सही करू नकोस, पत्र पोलिसात द्यावं लागेल.

नापास झालास, तर पुन्हा बस. त्यात काय मोठं? फिजिकल केमिस्ट्री मलाही डोक्यावरून जायची. पण एक गोष्ट नीट ऐक. मी तुझ्यासाठी कॉलेज सोडलं नाही, असं गोड बोलून तुझी समजूत काढणार नाही. सोडलं ते तुझ्यासाठीच. मला फार जिवावर आलं होतं. लग्न होऊन इथं आले, तेव्हा पेटीत तळाशी माझं पहिल्या वर्षाचं ओळखपत्र होतं, अजून आहे.

पण ते सोडलं तू शिकावंस म्हणून. तू माझं तोंड चुकवावंस म्हणून नाही. तेवढ्यासाठी सोडलेलं मला परवडत नाही. नापास होऊन आला असतास, तर मी दोन शिव्या घातल्या असत्या आणि आपण रस खाल्ला असता. न येऊन तू काय वाचवलंस?

आता आबांना तूच सांग. त्यांना राग येईल, पण चार दिवसांच्या वर टिकत नाही, हे तुला माहीत आहेच.

तुला वाढवलं आहे, तेव्हा लोभ वाढवायला वेगळं सांगायला नको.

ताई

---

गोडादरा, सुरत
९ एप्रिल २०२५

ती. सौ. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

नापास झालेला पेपर सुटला, हे तुला फोनवर कळलंच. तुमच्या गल्लीनं टाळ्या वाजवल्या त्या मला ऐकू आल्या. आता मात्र हे पत्रातच लिहितो. शेवटच्या सेमिस्टरच्या प्रॅक्टिकलच्या तारखा लागल्या. एकोणतीस आणि तीस एप्रिल. आखाजी तीसला. इथं त्या दिवशी सुट्टी नसते. मी सरांकडे जाऊन बॅच बदलून मागितली. त्यांनी कारण विचारलं. बहिणीला आणायला जायचं आहे म्हटलं, तर ते म्हणाले, की तिचं तिकीट काढून दे. मला तिथंच जमिनीत गडप व्हावंसं वाटलं.

मी ठरवलं आहे. परीक्षा पुन्हा येते, मी पुन्हा बसेन. वर्ष जाईल तर जाईल. शब्द दिलाय. मायला अजून सांगितलेलं नाही. अठ्ठावीसला निघतो.

तुझा,
योगराज

---

१५ एप्रिल २०२५

चि. योगराज यास,
आशीर्वाद.

परीक्षा सोडून आलास, तर पाट मांडणार नाही. दारातूनच परत पाठवीन, आणि गावादेखत पाठवीन. माझं एक वर्ष गेलं ते पुरे, या घराण्यात आता दुसरं जायला नको.

सासूबाई यंदाही विचारत होत्या, कोण येणार म्हणून. मी सांगितलं, की भावाची परीक्षा आहे, मी जाणार नाही. त्या दिवसभर भांडी जरा जोरातच ठेवत होत्या.

मला यावंसं वाटतं रे. फार वाटतं. मायच्या हातची पोळी खाऊन दोन वर्षं झाली. ही ओळ मायला वाचून दाखवू नकोस.

पेन दोन ने. जर्नलमधल्या आकृत्या स्वच्छ काढ, माझं नाव खराब करू नकोस.

तुझी,
ताई

---

११ मे २०२५

चि. योगराज यास,
आशीर्वाद.

सुरतेत चार दिवस आपण बरोबर होतो, पण घरात इतकी माणसं होती, की खरी हकीकत सांगायची राहूनच गेली. माय सांगणार नाही, म्हणून मी लिहिते.

तू माझं पत्र वाचून दाखवताना एका जागी अडखळलास आणि पुढच्या ओळीवर उडी मारलीस. मायला अक्षर येत नाही, पण अडखळणं कळतं. तू लॅबला गेल्यावर तिनं ते आबांना वाचायला लावलं. आबा एकेक अक्षर लावत वाचतात. तुला गाळायला एक क्षण लागला, ती ओळ वाचायला त्यांना बराच वेळ लागला म्हणे. शेवटी माय म्हणाली, की घरातला एक पुरुष गुडघ्यानं धरलाय, दुसरा परीक्षेनं, मी तर मोकळी आहे.

तुला तिनं सांगितलं, की ती पांडेसऱ्याला ओळखीच्या बाईकडे दोन दिवस चाललीय. तू डोकं पुस्तकात घालून बरं म्हणालास. जन्मात कधी एकटी गाडीत न बसलेली बाई, तिला पाटी वाचता येत नाही, म्हणून नंदुरबार गेल्यापासून अमळनेर येईपर्यंत दाराशी उभी होती. प्रत्येक स्टेशनला विचारायची. लोकांनी जागा दिली, तरी बसली नाही.

ती एकोणतीसला दुपारी आमच्या दारात उभी राहिली, तेव्हा मी गहू निवडत होते. मला रडूच फुटलं. सासूबाई बाहेर आल्या आणि म्हणाल्या, की बाईमाणूस कधी मुऱ्हाळी होतं का? माय म्हणाली, की तिकिटापेक्षा तर बरी ना, विहीणबाई, मला निदान पाय आहेत. सासूबाईंना हसू आलं. त्यांनी स्वतः पाट मांडला, स्वतः पाणी आणलं.

जेवताना मायनं सहज विचारलं, की तुम्हाला आणायला कोण येतं? सासूबाईंचा हात ताटातच थांबला. मला या घरात येऊन सहा वर्षं झाली, मी हे कधी विचारलं नव्हतं. त्यांचा एकच भाऊ, गोपाल, तो वारला त्याला बावीस वर्षं झाली. तेव्हापासून त्यांच्यासाठी कोणी आलेलं नाही. दर आखाजीला गल्लीतल्या सगळ्या पोरींचे मुऱ्हाळी त्या मोजतात. मला वाटायचं, की त्या चुका काढायला मोजतात.

माय म्हणाली, की आलेच आहे तर दोघींना नेते.

त्या नको नको म्हणत होत्या आणि पातळ काढायला पेटी उघडत होत्या. पुढचं तू पाहिलंसच.

कृपा करून यावर अपराध्यासारखं पत्र लिहू नकोस. काहीतरी कर.

तुझी,
ताई

---

गोडादरा, सुरत
२२ मार्च २०२६

ती. मंगलामावशींस,
योगराजचा शि. सा. न. वि. वि.

तुम्हाला मी पहिल्यांदाच पत्र लिहितो आहे. ताई ते वाचून दाखवेल. ती मध्ये अडखळली, तर तिला परत वाचायला लावा, ही आमच्या घराण्याची खोड आहे.

गेल्या आखाजीला मी परीक्षा देऊन घरी आलो, तेव्हा तुम्ही सरलाबाईंच्या हिंचकोवर बसला होतात. नवं लुगडं नेसून, पाय जमिनीला न टेकवता, डोळे मिटून आखाजीचं गाणं म्हणत होतात. माय खाली बसून झोका देत होती. मी जिन्यातच थांबलो. वर यायला मला लाज वाटली. माझी परीक्षा चांगली गेली होती, पण त्या दिवशी जे काम माझं होतं, ते माझ्या आईनं उभ्यानं प्रवास करून केलं होतं. मी पास झालो, मिलच्या लॅबमध्ये पक्का केमिस्ट झालो, पेढे वाटले. तरी तो जिना अजून माझ्या डोळ्यांपुढून जात नाही.

दोन वर्षांपूर्वी तुम्ही मोबाइलकडे पाहून विचारलंत, की यातून मुऱ्हाळी बाहेर कधी येतो? मी घरी त्यावर हसून दाखवलं होतं. तुम्ही ते का विचारलंत, हे मला माहीत नव्हतं. मला माफ करा.

यंदा आखाजी एकोणीस एप्रिलला, रविवारी आहे. आबांचा गुडघा बरा आहे, पण मी त्यांना पाठवणार नाही. माझी आणखी एक मोठी परीक्षा जवळ आली आहे. तिचं पुस्तक गाडीत वाचेन. मायनं खापर घासायला घेतलंय आणि सरलाबाईंनी हिंचकोला तेल दिलंय. गोपालमामांची जागा मी घेऊ शकत नाही, हे मला कळतं. पण अठरा तारखेला दुपारी तुमच्या ओट्यावर दोन पाट मांडून ठेवा, एक ताईच्या भावाचा आणि एक तुमच्या भाच्याचा. बसणारा एकटाच असेल.

यंदा तिकीट पाठवत नाही. मी येतो.

तुमचा,
योगराज