वर जाता येत नाही

थोरल्या जाऊबाईंना धाकटीचा वाकून नमस्कार.

तुमचं बीपी आणि भाऊजींचा खोकला आता बरा असेल. आम्ही तिघंही (बाळ धरून) मजेत. तुमच्या दिरांचं पोट सुटलंय, पण ते कपडे आटले म्हणतात, आणि कपडे शिवणारी मी, म्हणजे दोष माझाच.

खरी बातमी अशी, की मी समाजप्रतिनिधी झालेय. हसू नका. फोनवर हॅलो म्हणतानाही मला घाम फुटतो, हे तुम्ही येणाऱ्याजाणाऱ्याला सांगता, ठाऊक आहे मला.

झालं काय, आम्ही पाचव्या मजल्यावर आणि लिफ्ट तीन आठवडे बंद. कडेवर बाळ, खांद्यावर गिऱ्हाइकांच्या कपड्यांचं बोचकं. त्यात एक दिवस तिसऱ्या मजल्यावर लिफ्टच्या दाराला चिठ्ठी दिसली, 'बाहेरून आलेल्या लोकांनी बिघडवली.' खाली सही आणि घर नंबर (लिहिणारे निवृत्त पोस्टमन, पाठवणाऱ्याचा पत्ता कसा विसरतील?). अख्ख्या इमारतीत बाहेरच्या देशातून आलेले म्हणजे आम्हीच. दोन दिवस मान खाली घालून चढले. तिसऱ्या दिवशी डोकं फिरलं. चिठ्ठी काढली आणि सरकारी कचेरी गाठली.

तिथे तक्रारीची खोली सोडून भलत्याच खोलीत शिरले. नाना देशांची माणसं गोल करून बसलेली. कोणीतरी मला बिल्ला लावला, कॉफी दिली. वर्णद्वेष मिटवायला सरकारने समिती नेमलेली, आणि आपल्या समाजाची खुर्ची नेमकी रिकामी! अधिकारी बाईंनी विचारलं, "तुमच्या लोकांची मुख्य अडचण काय?" इथली भाषा मला मोजकीच येते. मी म्हटलं, "वर जाता येत नाही." बाईंनी ते लिहून घेतलं. "बटण दाबून बोट दुखलं, कोणी दाद देत नाही." एका काकांनी डोळे पुसले. "दार उघडतं, पण पुढे काही हलत नाही." टाळ्यांचा कडकडाट! (गैरसमज दूर करायलाही शब्द लागतात, ते कुठून आणू?) मग मी चिठ्ठी पुढे केली, आणि टाळ्या थांबल्या.

दुसऱ्याच दिवशी बाई लिफ्टच्या मेकॅनिकला घेऊन, धापा टाकत हजर. समितीचा नियम असा, की लिहिणारा आणि जिला लागलं ती, दोघांनी समोरासमोर बसायचं. म्हणून बसलो पोस्टमनच्याच घरी; ते घुश्शातच. म्हणाले, गुडघ्यामुळे तीन आठवडे खाली उतरलो नाही, कोणावर तरी चिडायला नको?

"मग लिफ्टवर चिडा," मी म्हटलं. "गुडघा तुमचा दुखतो, त्यात माझ्या बाळाचा काय गुन्हा?" (जाऊबाई, हे मी बोलले. मी!)

तेवढ्यात मेकॅनिक लिफ्ट सुरू करून आला. दाराच्या खाचेत अडकलेलं पितळी बटण त्याने टेबलावर ठेवलं, वर टपालखात्याचा शिक्का. आम्ही सगळ्यांनी एकदमच पोस्टमनच्या जुन्या कोटाकडे पाहिलं. तिथे नुसता दोरा लोंबत होता.

चिठ्ठी त्यांनी स्वतःच्या हाताने फाडली, माफी मागितली. कान लालबुंद. संध्याकाळी कोट घेऊन लिफ्टने वर आले. मी बटण दुहेरी दोऱ्याने पक्कं लावून दिलं. आता रोज बाळाला खाली फिरवून आणतात आणि भेटेल त्याला 'आमचं बाळ' म्हणून दाखवतात.

भाऊजींना नमस्कार, मुलांना पापा.

तुमची,
धाकटी

ता. क. समितीने आपल्या समाजाच्या कार्यक्रमाला पुढच्या महिन्यात मोठं सभागृह दिलंय. अर्जात मी गावात आपली चाळीस माणसं आहेत असं लिहून बसले. आम्ही तिघं आहोतच; उरलेली सदतीस तुमच्या माहेरची सहज भरतील. सगळ्यांना घेऊन या.

ता. क. दुसरा. अध्यक्ष म्हणून तुमचं नाव दिलंय. तुम्हाला विचारलं नाही, माफ करा. पण घरात तुम्ही तरी कोणाला विचारून झालात?