मूळ कारणाचा रकाना

६ ऑक्टोबर
स्पर्धा परीक्षेचा अभ्यास, ऐच्छिक विषय तत्त्वज्ञान. आज मध्ययुगीन ख्रिस्ती विचार. अकराव्या शतकातला एक साधू म्हणतो: ज्याहून थोर काही कल्पिता येत नाही तो ईश्वर, तो नुसता कल्पनेत असेल तर तेवढा थोर उरत नाही, म्हणून तो आहेच. व्याख्येतूनच अस्तित्व. हुशार. पटत नाही.
दुपारी पाटबंधारे खात्याकडून आपल्या गावच्या तलावाची पाहणी. उशिरा पिकणाऱ्या भारी धानाला शेवटचं पाणी हवं म्हणून, जादा पाणी वाहून न जाता तलावात अडावं यासाठी सांडव्यावर वाळूची पोती रचलेली. दरवर्षी रचतात. काकाजी तलाव समितीचे अध्यक्ष. बाबा गेल्यावर मला इंजिनिअरिंगला त्यांनीच घातलं. म्हणाले, सकाळी काढतो. मी पाहणीच्या पत्रकात लिहिलं: सांडवा मोकळा.

८ ऑक्टोबर
पोती तशीच होती. रात्रभर पाऊस. तलावात मासे धरणारा सुखराम पहाटे एकटाच पोती काढायला गेला, तेव्हाच पाळ, तलावाचा मातीचा बांध, फुटली. दुपारी खालच्या धानाच्या बांधीत सापडला.

९ ऑक्टोबर
साहेबांनी पत्रक मागवलं. समाधानानं वाचलं. कागदावर सांडवा मोकळा, म्हणजे तलावावरही होताच. त्या साधूचा युक्तिवाद आमच्या ऑफिसात बिनचूक चालतो. त्याला त्याच्याच काळात दुसऱ्या साधूनं टोकलं होतं: मग सर्वांत उत्तम बेटाची कल्पना केली की तेही समुद्रात कुठेतरी असलंच पाहिजे. इथे टोकणारं कोणी नाही.
अहवाल मी लिहायचा. मजकूर साहेबांनी सांगितला. अतिवृष्टी. मयत इसम मासेमारीसाठी स्वतःच्या जबाबदारीवर उतरला.

११ ऑक्टोबर
काकाजी आले. चहा घेतला नाही. पोती वाहून गेली, आता कोणाला दिसणार, वगैरे. मग, "पाणी देवानं पाडलं. तू काहून अंगावर घेऊन राहिली?"
विचारलं, सकाळी का काढली नाहीत.
"तूच त लिहून देलं होतं ना, मोकळा म्हणून. मंग कायची घाई?"

१२ ऑक्टोबर
तेराव्या शतकातला दुसरा. प्रत्येक गोष्टीला कारण, त्याला आधीचं कारण; साखळी मागे अनंत जाऊ शकत नाही; म्हणून एक पहिलं कारण, त्यालाच सगळे ईश्वर म्हणतात.
मांडून पाहिली. सुखराम, पाळ, तुंबलेलं पाणी, पोती, काकाजी, माझे दोन शब्द. आकडेमोडही केली: सांडवा मोकळा असता तर एवढा पाऊस पाळीला धक्का न लावता निघून गेला असता. ईश्वरापर्यंत जायची गरज पडली नाही.

१४ ऑक्टोबर
सुखरामची बायको जनाबाई ऑफिसच्या पायरीवर बसलेली. रडली नाही. "पोती कोणं रचली, मले मालूम हाय. मी बोलली त पोरायले उद्या तलावात कोण उतरू देईल? पण तो मासे धराले नव्हता गेला. एवढं तरी खरं लिवा, म्याडम."
बघते, म्हणाले. साहेब असंच म्हणतात.

१५ ऑक्टोबर
अहवाल उद्या अकराला.
'मासेमारीसाठी' खोडलं. वर लिहिलं, 'सांडव्यावरची पोती काढण्यासाठी'. जनाबाईचं एवढंच मागणं. पण पोती होती, तर पत्रक खोटं. खोटं, तर कोणासाठी. एक शब्द खरा लिहिला की पुढचे थांबवता येत नाहीत.
काकाजींचा फोन दोनदा वाजला. उचलला नाही.
मूळ कारणाचा रकाना दोन ओळींचा. अतिवृष्टी एका शब्दात मावते. पेन्सिलीनं माझं नाव आणि हुद्दा लिहून पाहिला. दीड ओळ होते. काकाजींचं नाव बसत नाही. बारीक लिहिलं तर बसेल.
पेन समोर आहे.